मुलांचे ग्रीन कार्ड आणि आई-वडिलांचे आजारपण

‘‘डॉक्टर, मुलीला एवढ्यात काही कळवू नका. तिचे ग्रीन कार्डचे काम अडकले आहे. उगीच तिच्या जिवाला घोर नको.’’

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी माझ्या दवाखान्यात हे शब्द उच्चारले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. अँजिओग्राफी नुकतीच झाली होती आणि हृदयाच्या स्नायूंची शक्ती बरीच क्षीण झाल्याचे निदान झाले होते. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून इतरांस न देणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे, म्हणून मी गप्प राहिले. परंतु त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्नही मी केला नाही, ही माझी चूक.

आठ महिन्यांनी ते अतिदक्षता विभागात दाखल झाले आणि मग अमेरिकेत फोन गेला. अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जाऊन परतण्याची जी परवानगी लागते, तिची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. नव्या परवानगीचा अर्ज पडून होता. तातडीच्या परवानगीसाठी मुलीने माझ्याकडे पत्र मागितले. मी लगेच लिहिले. पण घाईत रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख लिहावयाची राहिली. पत्र पुन्हा पाठवावे लागले, एक दिवस वाया गेला. वडिलांचे अंत्यदर्शन तिला मोबाइलच्या पडद्यावर घ्यावे लागले. ती पोहोचली दहाव्याच्या दिवशी.

‘‘आठ महिन्यांपूर्वी परवानगी हातात होती. कळले असते, तर येऊन भेटून गेले असते,’’ एवढेच ती म्हणाली.

येणे का अडते?

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतीय अर्जदारांची संख्या मोठी असल्याने अनेकांची प्रतीक्षा दहा वर्षांहूनही लांबते. तोपर्यंत इकडे साठीतले आई-वडील पंचाहत्तरीला पोहोचलेले असतात.

अंतिम टप्प्याचा अर्ज अमेरिकेतच दाखल झाला, की नोकरीसाठी वर्क परमिट आणि प्रवासासाठी ‘ॲडव्हान्स परोल’ असे दोन कागद मिळू शकतात. हा दुसरा कागद नसताना देश सोडला, तर अर्जदाराने अर्ज सोडून दिला असे सामान्यतः मानले जाते. एच-१बी किंवा एल-१ दर्जा कायम असलेल्यांना त्या व्हिसावर परतता येते. परंतु पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली असेल, तर परतण्यापूर्वी वाणिज्य दूतावासातून नवा व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याची भेटीची तारीख कधी मिळेल, हे सांगता येत नाही. ज्यांनी वर्क परमिटवर नवी नोकरी धरली आणि जुना दर्जा सुटला, त्यांचा सारा भार त्या एका प्रवास परवान्यावर असतो.

तेव्हा ‘‘मुलाला यायचेच नाही’’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्याच्या हाती कोणता कागद आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे विचारावे. ती तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. नियम बदलत असतात. म्हणून प्रवासापूर्वी मुलांनी तेथील वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

डॉक्टरांचे पत्र

निकडीच्या प्रसंगी तातडीचा परवाना मागता येतो. तो मिळेलच अशी हमी नसते. त्यासाठी आजाराचा पुरावा लागतो. इंग्रजी पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात पुढील गोष्टी याव्यात :

• रुग्णाचे पूर्ण नाव, वय आणि अर्जदाराशी असलेले नाते; नावे पासपोर्टप्रमाणे.
• निदान, दाखल झाल्याची तारीख आणि सद्यःस्थिती.
• आजाराचे गांभीर्य आणि अपत्याची उपस्थिती आता का आवश्यक आहे, हे स्पष्ट शब्दांत.
• डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, स्वाक्षरी, तारीख आणि संपर्काचा क्रमांक.

जन्मदाखला मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे. डॉक्टरांकडून अतिशयोक्तीची अपेक्षा मात्र धरू नये. आहे ते स्वच्छ लिहिलेले पत्रच उपयोगी पडते.

पहिले तास शेजाऱ्यांचे

सर्व कागद हाताशी असले, तरी न्यूयॉर्कहून मुंबईचे थेट विमानच सुमारे पंधरा तास घेते. याउलट, रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, हाताची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, छातीत दाब येणे, एकाएकी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. परदेशी फोन त्यानंतर.

म्हणून पुतण्या, भाची, शेजारी यांपैकी एक विश्वासू व्यक्ती निश्चित करावी. घराची एक किल्ली तिच्याकडे असावी. जुनी डिस्चार्ज कार्डे, चालू औषधांची यादी, ॲलर्जी, विमा पॉलिसी आणि दूरध्वनी क्रमांक एकाच फाइलमध्ये असावेत. फाइल कोठे आहे, हेही तिला ठाऊक असावे.

यापुढचा विषय अवघड, पण टाळू नये असा. शुद्ध हरपल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास किती काळ चालू ठेवावा, हे कोणी ठरवायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर स्वाक्षरी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून दस्तऐवज साक्षांकित करून घेता येतो. निर्णय कोणी घ्यावा, त्यांची नावेही त्यात लिहिता येतात. अंत्यसंस्कारासाठी मुलांची वाट पाहायची की नाही, हेही घरात बोलून ठेवावे. आई-वडिलांनी स्वमुखाने ‘‘थांबू नका’’ म्हटलेले असले, तर मागे राहिलेल्यांच्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके होते.

मूल आले, पण त्याची नोकरी?

शुश्रूषेसाठी आलेला मुलगा अनेकदा येथूनच तिकडची नोकरी करतो. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा तास मागे. म्हणजे तेथील सकाळी नवाची बैठक येथे संध्याकाळी साडेसहाला किंवा साडेसातला सुरू होते आणि काम मध्यरात्रीनंतर संपते. दिवसा रुग्णालय आणि रात्री संगणक, असा क्रम आठवडाभर चालला, की शुश्रूषा करणाराच आजारी पडतो. अशांचे वाढलेले रक्तदाब मी पाहिले आहेत. रुग्णाजवळची पाळी वाटून घ्यावी, त्याला सलग सहा-सात तास झोपू द्यावे. परदेशातून काम करण्यास कंपनीची परवानगी आहे का, याची खात्री त्याने निघण्यापूर्वीच करावी.

सांगणे हाही उपचारच

आजार लपवण्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु कागदपत्रांच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना सर्वांत अधिक गरज वेळेची असते आणि ती वेळ आपल्या मौनामुळे खर्ची पडते. सांगताना घाबरवण्याचे कारण नाही. निदान काय, उपचार कोणते, पुढील तपासणी केव्हा आणि घाई आहे किंवा नाही, एवढे चार वाक्यांत सांगावे. शक्य असल्यास डॉक्टरांसमोर बसून व्हिडिओ कॉलवर सांगावे.

त्या प्रसंगानंतर ज्येष्ठ रुग्णांना मी एक प्रश्न आवर्जून विचारते : ‘‘मुले कोठे असतात आणि त्यांना काय कळवण्याची मला मुभा आहे?’’ उत्तर केसपेपरवर लिहून घेते आणि खाली त्यांची स्वाक्षरी घेते. काही जण आधी नको म्हणतात. त्यांना मी मुख्याध्यापकांची हकिकत सांगते, नाव न घेता. त्यानंतर बहुतेक जण स्वाक्षरी करतात.

आपल्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नसेल, तर पुढच्या भेटीत आपण होऊनच त्याचे उत्तर द्यावे.