'बाहेर पडणे' : एका क्रियापदाचा आर्थिक व राजकीय अर्थ

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील मतदारांच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्यावर प्रश्न एकच होता : संयुक्त राज्याने युरोपीय संघाचा सदस्य राहावे, की संघातून बाहेर पडावे ? मूळ मसुद्यात केवळ 'सदस्य राहावे काय' असे विचारून 'होय' वा 'नाही' एवढेच उत्तर मागितले होते. अशा रचनेने मतदाराचा कल 'होय'कडे झुकण्याचा संभव आहे, असे सांगून तेथील निर्वाचन आयोगाने २०१५ मध्ये दुसरे क्रियापदही प्रश्नात घालण्याची शिफारस केली व ती मान्य झाली. शब्दयोजनेची एवढी चिकित्सा होऊनही एक उणीव राहूनच गेली. वैयाकरणांच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्या वाक्यात अपादान होते, पण गंतव्य नव्हते. कोठून निघावयाचे ते स्पष्ट होते. निघून कोठे जावयाचे, ह्याविषयी वाक्य मौन धरून होते. ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि त्यानंतरची साडेचार वर्षे ब्रिटनचे राजकारण ह्या एका क्रियापदाचा अर्थ लावण्यात खर्ची पडले. भाषेच्या अभ्यासकाने अर्थकारणाच्या प्रांतात पाऊल टाकावे, ह्याला प्रस्तुत लेखकाजवळ समर्थन आहे ते एवढेच.

राष्ट्राराष्ट्रांमधील व्यापारी बंध एकाच जातीचे नसतात. मुक्त व्यापार क्षेत्रात सभासद राष्ट्रे परस्परांच्या मालावरील जकात उठवितात. बाहेरच्या मालावर किती जकात बसवावी, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. जकातसंघात बाहेरच्यांसाठीही सर्वांचा दर एकच असतो, आणि म्हणून अंतर्गत सीमेवर माल मुळात कोठला, ह्याची विचारपूस करण्याचे कारण उरत नाही. एकसंध बाजारपेठेची कल्पना ह्याच्याही पुढची आहे. तिच्यात मालाचे दर्जे व आरोग्यविषयक नियम एक होतात, आणि भांडवल, सेवा व माणसे ह्यांनाही मोकळीक मिळते. नॉर्वे ह्या बाजारपेठेत आहे, पण जकातसंघात नाही. तुर्कस्तानची स्थिती, निदान औद्योगिक मालापुरती, नेमकी उलट आहे. ब्रिटन १९७३ मध्ये ज्या संघटनेत शिरले तिचा गाभा जकातसंघाचा होता. एकसंध बाजारपेठ १९९३ साली आली, आणि तिच्या पुरस्कर्त्यांत मार्गारेट थॅचर ह्यांचे सरकार अग्रभागी होते, ही गोष्ट पुढे त्यांच्याच पक्षातील पुष्कळांच्या विस्मरणात गेली. सारांश, संघाच्या 'बाहेर' अनेक जागा होत्या. थेरेसा मे ह्यांनी जानेवारी २०१७ मध्ये त्यांपैकी दूरची जागा निवडली : जकातसंघही नको आणि बाजारपेठही नको.

'जकात' हा शब्द ऐकताच महाराष्ट्रातील वाचकास शहरांच्या वेशीवरील नाके आठवतील. मुंबईचे नाके १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर अमलात आला त्या दिवशी, उठले. त्या नाक्यांपुढील मालमोटारींची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको की, नाक्यावर नुसते पैसेच भरावे लागत नाहीत, कागदही दाखवावे लागतात आणि त्यापायी वेळ जातो. ब्रिटनच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरला. २४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेल्या व्यापारी कराराने उभयपक्षी जकात शून्य राहिली आणि मालाच्या परिमाणावरही मर्यादा आली नाही. मग अडचण कोठे आली ?

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. वेल्स व नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कालवे व तत्सम शिंपल्यांतील प्राणी जिवंतपणीच फ्रान्स आदी देशांत जात आणि तेथे गेल्यावर स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध केले जात. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन हे संघाच्या दृष्टीने 'तिसरे राष्ट्र' झाले. आणि मध्यम प्रतीच्या पाण्यातील असे प्राणी आधी शुद्ध केल्यावाचून तिसऱ्या राष्ट्रातून घ्यावयाचे नाहीत, असा संघाचा जुनाच नियम होता. जकात एका पैशाचीही नव्हती, तरी धंदा एका रात्रीत थांबला. दुसरे उदाहरण मालाच्या मूलस्थानाचे. जर्मनीत तयार झालेली मिठाई इंग्लंडमधील वखारीत आणून, तिच्यावर काहीही प्रक्रिया न करता आयर्लंडमध्ये पाठविली, तर कराराप्रमाणे ती ना ब्रिटिश ठरते ना युरोपीय. तिच्यावर जकात लागू होते.

जेकब व्हायनर ह्यांनी १९५० साली जकातसंघाविषयीच्या आपल्या ग्रंथात व्यापाराची निर्मिती आणि व्यापाराचे स्थलांतर असा भेद केला होता. बाहेर पडणाऱ्या राष्ट्राला हा हिशेब उलट्या क्रमाने मांडावा लागतो. निर्माण झालेला व्यापार आटतो. दूरच्या देशांकडून स्वस्त माल आणण्याची मोकळीक वाढते. पण दुसऱ्याने पहिल्याची भरपाई होतेच असे नाही. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाचा अंदाज असा की, संघात राहिले असते त्या मानाने देशाचा परदेशव्यापार दीर्घकाळात १५ टक्क्यांनी व उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी भरेल. करोनाची साथ व युक्रेनमधील युद्ध ह्यांचे परिणाम वेगळे काढणे कठीण असल्याने हे आकडे अंदाजाचेच समजावे. तथापि भारताशी २४ जुलै २०२५ रोजी जो करार झाला आणि ज्यात स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के जकात प्रथम ७५ व दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले, त्याचा दीर्घकालीन लाभ ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्याच अंदाजाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१३ टक्के आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे प्रमाण ध्यानात येते.

राजकीय परिणाम मात्र आकड्यांत मावणारे नाहीत. स्कॉटलंडने ६२ टक्के मते संघात राहण्यास दिली होती. तेथे स्वातंत्र्याची मागणी पुन्हा उठली. खरा पेच पडला तो आयर्लंडमध्ये. तेथील सुमारे ५०० किलोमीटरांची सीमा १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर जवळजवळ अदृश्य झाली होती, आणि तिचे अदृश्य राहणे हाच तीस वर्षांच्या रक्तपातानंतर आलेल्या शांततेचा एक आधार होता. आता तिच्या एका बाजूस जकातसंघ, दुसऱ्या बाजूस नाही. ब्रिटिश सरकारला तीन गोष्टी हव्या होत्या : संघ व बाजारपेठ ह्यांतून पूर्ण सुटका, आयर्लंडच्या भूमीवर नाका नाही, आणि संयुक्त राज्याच्या अंतर्भागातही नाका नाही. ह्यांपैकी कोणत्याही दोन साधतात, तिन्ही साधत नाहीत. मे ह्यांनी पहिलीत तडजोड केली, तेव्हा १५ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेने त्यांचा करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला. बोरिस जॉन्सन ह्यांनी तिसरी सोडली आणि नाका आयरिश समुद्रात गेला. ब्रिटनशी ऐक्य मानणाऱ्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने ह्याच कारणास्तव फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या मंत्रिमंडळातून अंग काढून घेतले. हा पक्ष स्वतः संघातून बाहेर पडण्याच्या बाजूचा होता, हे येथे नमूद केले पाहिजे. दोन वर्षे तेथे मंत्रिमंडळच नव्हते.

फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर तोडग्याने समुद्रातील नाका पुष्कळसा सौम्य केला : जो माल उत्तर आयर्लंडमध्येच विकावयाचा त्याची वाट वेगळी, जो पुढे संघात जावयाचा त्याची वेगळी. परंतु ही वर्गवारी मालावर दिसली पाहिजे. म्हणून ब्रिटनमधून बेलफास्टच्या दुकानांत जाणाऱ्या दुधाच्या व मांसाच्या वेष्टनांवर ऑक्टोबर २०२३ पासून 'युरोपीय संघासाठी नव्हे' असे छापले जाऊ लागले. १९ मे २०२५ रोजी लंडन येथील बैठकीत उभयपक्षांनी अन्न व कृषिमाल ह्यांच्या आरोग्यविषयक नियमांपुरता नवा करार करण्याचे ठरविले. त्याची अट अशी की, संघ हे नियम बदलील तसतसे ब्रिटनने ते स्वीकारीत जावयाचे. ते ठरविताना ब्रिटनला मत असणार नाही.