काळ्या पत्थरातले साप

बार्शीटाकळीच्या शिवारात विहीर खणली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पत्थर. हा पत्थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. त्यात हाड टिकणार नाही, म्हणून वऱ्हाडात प्राचीन साप-सरडे शोधणे व्यर्थ, असे वाटणे साहजिक आहे. पण ते अर्धेच खरे. साप-सरड्यांची हाडे नाजूक. उघड्यावर पडली की विस्कटतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ ती टिकली चुनखडीच्या भेगांमुळे. पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने चुनखडी विरघळते, भेगा रुंदावतात आणि गाळाबरोबर वाहून आलेले लहान प्राणी त्यात गाडले जातात. तिथल्या क्रॉमहॉल खाणीतला, 1950च्या दशकात गोळा केलेला एक सांगाडा 2022 साली ‘क्रिप्टोव्हॅरॅनॉइड्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. 20 कोटी वर्षांपूर्वीचा हा सरडाच, असा दावा झाला आणि पुढच्याच वर्षी त्यावर हरकतही घेतली गेली.

वऱ्हाडचा पत्थर चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे तशा भेगा इथे मिळायच्या नाहीत. मात्र लाव्हा एका दमात आला नाही. दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला. नागपूरच्या गिट्टीखदानमधल्या अशाच गाळातून लहान कणाधारी प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत. लाव्हाच्याही तळाशी लमेटा नावाचे गाळाचे थर आहेत. मोर्शी तालुक्यातल्या साळबर्डीच्या लमेटा थरांत डायनासोरची हाडे सापडली, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यातून ‘मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस’ हा साप 2011 साली धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. त्याआधी 2010 साली मोहबे आणि जेफ्री विल्सन यांनी गुजरातमधल्या ढोली डुंगरीचा ‘सनाजे’ वर्णिला होता: डायनासोरच्या घरट्यात, अंडी आणि नुकत्याच जन्मलेल्या पिलाशेजारी दगड झालेला साडेतीन मीटरचा साप.

सापाचे बहुधा मणकेच हाती लागतात. निव्वळ मणक्यांवरून साप कसा ओळखायचा, ही शंका रास्त आहे. सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारा जास्तीचा सांधा असतो. बहुतेक सरड्यांना तो नसतो. मणक्यांच्या घडणीवरून कुळ कळते, सवयी मात्र कळत नाहीत. दुसरी शंका, हे साप इथे आले कसे, ही अधिक वजनदार आहे. मॅडत्सोइया मादागास्करातही होता, पण भारत मादागास्करापासून सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वीच सुटला; मग हे साप समुद्र ओलांडून आले नसतील कशावरून? एकट्या सापावरून हे ठरत नाही. पण भारतातल्या राजासौरस या डायनासोरचे जवळचे नातलगही मादागास्करात सापडतात. अवजड डायनासोर आणि साप दोघेही एकाच दिशेला बोट दाखवत असताना, जोडलेल्या भूमीवरचे समान पूर्वज हेच स्पष्टीकरण अधिक पटते.

म्हणून वऱ्हाडात हाडे शोधायची ती पत्थरात नव्हे, दोन पत्थरांच्या मधल्या किंवा त्यांच्या तळाच्या गाळात. विहिरीत वा खदानीत तसा मऊ, शिंपल्यांचा थर दिसला, तर तो ढिगाऱ्यात टाकण्याआधी अमरावती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला जरूर कळवा.