घर रिकामे करण्याचा दावा : तारखांपेक्षा मुदत महत्त्वाची

घरमालकाने जागा मागताच घर सोडावे लागते, हा समज चुकीचा आहे. तितकेच धोक्याचे आहे ते 'कोर्टात वर्षानुवर्षे तारखाच पडतात' या भरवशावर स्वस्थ बसणे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले आहे. मात्र ते ठरावीक मुदतीतच मागावे लागते.

मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. भाडे थकल्याच्या कारणावरून जागा मागायची असल्यास मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावे लागते. दावा दाखल झाल्यावरही भाडेकरूला आणखी एक संधी असते. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत संपूर्ण थकबाकी द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि निकालापर्यंत भाडे नियमित भरले, तर थकबाकीच्या कारणावरून घर रिकामे करण्याचा हुकूमनामा होत नाही. त्यामुळे समन्स घेण्यास टाळाटाळ करण्यात भाडेकरूचे हित नसते.

समन्सनंतर ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. प्रतिवादी हजरच न राहिल्यास दावा एकतर्फी चालतो. कैफियतीनंतर न्यायालय वादमुद्दे निश्चित करते. सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, पुढे उलटतपासणी आणि युक्तिवाद. या टप्प्यावर भाडेपावत्या, वीजबिले, शिधापत्रिका यांना मोल येते. जागा सहा महिने वापराविना पडून होती किंवा पोटभाडेकरू ठेवला, असा आरोप असल्यास तर विशेषच.

मालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली असेल, तर त्याची गरज खरी असणे एवढेच पुरेसे नसते. हुकूमनाम्याने मालकाला की भाडेकरूला अधिक त्रास होईल, याची तुलना न्यायालय करते. भाडेकरूला दुसरी सोयीची जागा उपलब्ध आहे काय, हेही पाहिले जाते. प्रसंगी जागेच्या काही भागापुरताच हुकूमनामा देता येतो.

निकालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे, तर अन्यत्र जिल्हा न्यायालयात चालते. केवळ अपील दाखल केल्याने अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा आदेश मिळवावा लागतो.

'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यांची वाट मात्र वेगळी आहे. कराराची मुदत संपूनही घर न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. तेथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती न मागितल्यास मालकाचे म्हणणे मान्य असल्याचे धरले जाते. शिवाय दुप्पट दराने भरपाईचा बोजा पडू शकतो. म्हणूनच कागद हाती पडताच तो कोणत्या कायद्याखाली, कोणाकडून आला आहे आणि मुदत कधी संपते, हे वकिलाकडून समजून घेणे श्रेयस्कर.