चहा आपल्या घरचा, आपल्या मेळाचा



आपल्या खानदेशात पाहुणा ओट्यावर टेकला की आधी पाण्याचा तांब्या येतो आणि मागोमाग आतून कपबशीचा आवाज येतो. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला तरी चहा काही टळत नाही. खेड्यापाड्यांतून फिरण्यात माझी तीस वर्षे गेली. कुठे केळीचा बाग पाहायला, कुठे कपाशीवरची बोंडअळी पाहायला, कुठे हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकाला. या फिरतीत किती घरांचा चहा प्यालो याची गणती नाही. रावेर-यावलकडचा दाट दुधाचा चहा प्यालो, साक्रीकडे थंडीतला गुळाचा चहा प्यालो आणि शिंदखेड्याकडे शेताच्या बांधावर तीन दगडांच्या चुलीवरचा धुरकट चहाही प्यालो. एवढ्या चहांनंतर माझी काही मते बनली आहेत. ती आज तुमच्यापुढे मांडतो. पटली तर घ्या.

चहा घरात शिरला कसा?

माझी आजी सांगायची, की तिच्या लहानपणी चहा हे आजारी माणसाचे पेय होते. सर्दी-पडसे झाले की काढ्यासारखा मिळायचा. एरवी न्याहारीला भाकरी आणि ताक. यात नवल नाही. चहाचे मळे आपल्या देशात एकोणिसाव्या शतकात उभे राहिले, पण बहुतेक माल परदेशी जात असे. 1903 साली चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत माल पडून राहू लागला, तेव्हा हा प्रचार देशातल्या बाजारपेठांत आणि रेल्वे स्थानकांवर जोराने झाला.

त्याच सुमारास, 1930 च्या आसपास, आसामात एक नवे यंत्र निघाले. ते चहाचे पान चिरडते, फाडते आणि वळवते. त्यातून निघतो तो आपला दाणेदार, ज्याला दुकानदार ‘सीटीसी’ म्हणतो. हा दाणा लवकर उतरतो, रंग गडद देतो आणि थोडक्यात जास्त कप होतात. दुधासाखरेत न हरवणारा आणि गरिबाच्या खिशाला परवडणारा चहा तो हाच. आज देशात तयार होणारा बहुतेक चहा याच पद्धतीचा आहे.

पुडी एक, चहा अनेक

दुकानातून आपण जी पुडी आणतो त्यात एकाच मळ्याचा चहा क्वचितच असतो. ते मिश्रण असते. आसामचा चहा रंग आणि कडकपणा देतो, निलगिरीचा वास देतो, दार्जिलिंगचा तर सुगंधासाठीच नावाजलेला. चहाचे व्यापारी हे मिश्रण ज्या भागात विकायचे तिथले पाणी पाहून ठरवतात. यात आपल्या कामाची गोष्ट आहे. आपल्याकडे पुष्कळ गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड, क्षारांचे. अशा पाण्यात चहा मंद उतरतो, रंग मळकट येतो आणि वर पातळ तवंग धरतो. मुंबईच्या पाहुण्याने आणलेला भारी चहा आपल्या घरी बेचव लागतो त्याचे एक कारण हे. दोष चहाचा नसतो, पाण्याचा असतो. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरचे पाणी गाळून, उकळून त्याचा एकदा चहा करून पाहा, म्हणजे फरक कळेल. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी मात्र सोडून द्यावे.

म्हणून मी घरी मिश्रण स्वतः करतो. अर्धा किलोचे माझे प्रमाण असे: 350 ग्रॅम दाणेदार, 100 ग्रॅम बारीक भुकटी आणि 50 ग्रॅम लांब पत्ती. भुकटी आमच्या जड पाण्यातही रंग सोडते, दाणा अंग देतो आणि लांब पत्तीने वास येतो. तुमचे पाणी गोडे असेल तर भुकटी निम्मी करा. लांब पत्ती महाग वाटली तर सोडून द्या, काही बिघडत नाही. कोरड्या कागदावर हाताने हलके मिसळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.

डब्याविषयी दोन गोष्टी. चहा आजूबाजूचा वास आणि ओल पटकन ओढून घेतो, म्हणून तो मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवू नये. आणि ज्या खोलीत फवारणीची औषधे असतील तिथे चहाच काय, खाण्यापिण्याचे काहीही ठेवू नये. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी घरात वापरू नये. हे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि इथेही सांगतो.

सुटा चहा घेत असाल तर एक परीक्षा करा. पांढरा टिपकागद ओला करून त्यावर चिमूटभर चहा पसरा. पाच मिनिटांनी चहा झटकून कागद पाण्याखाली धरा आणि उजेडात पाहा. कागदावर रंगाचे ठळक डाग उठले तर त्या चहात वरून रंग घातला आहे असे समजावे. चहात रंग मिसळण्यास कायद्याने बंदी आहे. लोखंडाचा कीस आहे का, हे चहावरून लोहचुंबक फिरवले की कळते.

परसातला मसाला

आले, गवती चहा आणि तुळस या तीन वस्तूंना बाजारात जावे लागू नये. आखाजीच्या सुमारास, लेकीबाळी माहेरी येतात त्या दिवसांत, डोळे फुटलेला आल्याचा तुकडा कुंडीत किंवा जुन्या पाटीत लावावा. भुसभुशीत माती, भरपूर शेणखत आणि अर्धी सावली एवढे त्याला पुरे. पाणी साचू देऊ नये, नाहीतर कंद कुजतो. गवती चहाचे दोन-तीन ठोंब पावसाच्या सुरुवातीला दोन-दोन फुटांवर लावले तर घराला पुरून शेजाऱ्याला देता येतात. चार महिन्यांनी जमिनीपासून वीतभर ठेवून पाने कापावीत, पुन्हा फुटवा येतो. मात्र तो कपाशीच्या बांधावर लावू नका. कपाशीवरची फवारणी वाऱ्याने त्या पानांवर येते आणि तीच पाने आपण चहात टाकतो. परसात, पाण्याच्या टाकीजवळची जागा उत्तम.

कोरडा मसाला माझ्या घरी थंडीत होतो: सुंठ 50 ग्रॅम, वेलची 20, मिरी 10, दालचिनी 10, लवंग 5 आणि अर्धे जायफळ. चार कपांना दोन चिमटी पुरतात. महिन्याला पुरेल एवढाच करावा, नाहीतर वास उडतो. उन्हाळ्यात मी मिरी, लवंग, सुंठ बंद करतो आणि नुसता गवती चहा व वेलची ठेवतो.

आता करण्याची रीत. चार कपांसाठी अडीच कप पाणी ठेवावे. त्यात ठेचलेले आले आणि गवती चहाची पाने टाकून चांगली उकळी येऊ द्यावी. दूध घालायचे ते त्यानंतरच. कच्च्या आल्यात दूध फाडणारा एक गुण असतो, तो उकळीने जातो. मग साखर आणि चहा घालून दोन मिनिटे झाकण ठेवावे. शेवटी दीड कप तापवलेले दूध घालून एक उकळी आणावी आणि गाळावा. पंधरा-वीस मिनिटे रटरटवलेला चहा कडक होत नाही, कडू होतो. गुळाचा चहा करायचा तर गूळ पाण्यात विरघळवून, भांडे खाली उतरवून, वेगळे तापवलेले दूध वरून घालावे. गूळ घातलेल्या उकळत्या चहात दूध ओतले की ते हमखास नासते.

चहा आणि अंगातले रक्त

भगिनींनो, आता जे सांगतो ते जरा लक्ष देऊन वाचा. पुष्कळ घरी पहाटे रिकाम्या पोटी चहा, न्याहारीला भाकरीबरोबर चहा, शेतात शिदोरीनंतर पुन्हा चहा. चहातल्या तुरट द्रव्यामुळे धान्यातले आणि भाजीतले लोह अंगी लागत नाही. आपली बाजरी लोहाने श्रीमंत आहे, मेथीसारख्या पालेभाजीतही लोह आहे. पण बाजरीची भाकरी चहात बुडवून खाल्ली तर त्यातले बरेच लोह वाया जाते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. हे सगळे चहामुळे झाले असे मी म्हणत नाही. खाण्यात भाजी-डाळ कमी आणि बाळंतपणे जवळजवळ, अशीही कारणे आहेत. पण चहाची वेळ बदलणे आपल्या हातात आहे आणि त्याला पैसाही लागत नाही.

जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. भाकरी-भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह चांगले अंगी लागते. गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या चहाबरोबर कधीच घेऊ नयेत. आणि लहान मुलांना चहा-भाकरीची सवय लावू नये. त्यांच्या वाट्याचे दूध चहात जाऊ नये.

साखरेचा हिशेबही एकदा मांडून पाहा. घरात पाच माणसे, प्रत्येकी चार कप, कपाला दोन चमचे. चमच्यात 5 ग्रॅम धरले तर दिवसाला 200 ग्रॅम आणि महिन्याला सहा किलो साखर नुसत्या चहात जाते. कपामागे अर्धा चमचा कमी केला तर महिन्याला दीड किलो वाचते. पहिले आठ दिवस चहा फिका लागतो, नंतर तोच गोड लागू लागतो.

मला कोरा चहा का आवडतो

शेवटी माझ्या स्वतःच्या आवडीविषयी सांगतो. 1995 च्या हिवाळ्यात मी नोकरीत नवा होतो. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका वस्तीवर हरभऱ्याच्या बियाण्याविषयी सांगायला गेलो. ज्याच्या दारात बसलो तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारा, स्वतःची कोरडवाहू दोन एकर. त्याच्या बायकोने चहा आणला. कपभर, दाट दुधाचा. मी कौतुक करीत प्यालो. तेवढ्यात आत तान्हे मूल रडू लागले. सात-आठ वर्षांची बहीण त्याला मांडीवर घेऊन बोटाने गुळाचे पाणी चाटवत होती. दारातल्या शेळीचे सकाळचे दूध तेवढेच होते आणि ते माझ्या कपात आले होते. कोणी मला काही बोलले नाही. मीही काही बोललो नाही. पण परतीच्या वाटेवर सायकल जड झाली.

पुढच्या खेपेला मी आधीच सांगून टाकले, “मला दुधाचा चहा बाधतो. कोराच द्या.” हे खोटे होते. त्या बाईचा चेहरा खुलला. पाच मिनिटांत गवती चहा घातलेला, गुळाचा, वाफाळता कोरा चहा आला आणि सोबत मोकळ्या गप्पाही आल्या. बियाण्याला चोळायच्या जिवाणू खताची माहिती त्यांनी त्या दिवशी नीट विचारून घेतली.

तेव्हापासून मी गावोगाव तेच सांगत आलो. दहा घरी दहा कप घेण्याऐवजी दोन घरी अर्धा-अर्धा कोरा घ्यायचा. बोलता बोलता त्या खोट्याचे खरे कधी झाले ते कळलेही नाही. आज माझ्या घरी चार ठोंब गवती चहा आहे, शेजारच्या गोठ्यात हवे तेवढे दूध मिळते, पण पहाटेचा माझा पहिला कप कोराच असतो. दुपारनंतर एक मिश्रणाचा, दुधाचा. दिवसाचे दोन झाले की मी कप उपडा ठेवतो.

पुष्कळ घरांतून माउली अजून संकोचाने विचारते, “साहेब, घरमा दूध नही शे, कोरा चहा चाली का?” तिला वाटते, कोरा चहा म्हणजे पाहुण्याचा अपमान. तसे मुळीच नाही. ताजी गवती चहाची पाती, चिमूटभर सुंठ, गुळाचा खडा आणि नीट उतरलेला चहा यात कमीपणा कसला? घरच्या बाईने संकोच सोडावा. आणि आपण कोणाच्या दारी पाहुणे म्हणून गेलो, तर कप हातात घेण्याआधी घरात लेकरू किती लहान आहे, दारात दुभते आहे की नाही, हे एकदा पाहावे. मग आपली आवड सांगावी.