मोटारीने मांधाता : एका बेताची हकीकत

कोठेही जावयाचे ठरले की आमच्या घरी प्रथम जेवणाच्या टेबलावर कागद पसरला जातो. नेपानगरात कागदाची वाण कधी नव्हती. देशातील वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना तो हाच. १९५५ साली येथे कागद निघू लागला आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. भोवतालच्या रानातील सालईचे लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून बनलेल्या त्या कागदाचे जुने ताव अजूनही आमच्या माळ्यावर आहेत. पिवळे पडले आहेत, कडांना ठिसूळ झाले आहेत. पण आप्पांना बेत आखावयास दुसरा कागद चालत नाही. कारखाना कित्येक वर्षे बंद राहून २०२२ साली पुन्हा सुरू झाला, त्या दिवशी आप्पांनी असाच एक ताव काढून त्यावर केवळ तारीख लिहून ठेवली होती.

यंदाचा बेत मांधात्याचा. ओंकारेश्वराचे हे बेट आमच्या उत्तरेस, नर्मदेच्या पात्रात आहे. मुख्य प्रवाह त्याच्या दक्षिणेने जातो आणि उत्तरेकडील शाखेस कावेरी म्हणतात. पश्चिम टोकाशी दोन्ही पुन्हा एक होतात. बेट म्हटले की सपाट वाळूचे काही डोळ्यांपुढे येते, पण मांधाता तसे नाही. तो एक उभा खडकाळ डोंगर आहे. दक्षिणेस नदीकाठी ज्योतिर्लिंगाचे मंदिर, वर पठारावर गौरी सोमनाथ व सिद्धनाथ यांची जुनी देवालये आणि पूर्वेकडे धरणाची भिंत. याच डोंगराच्या एका कड्यावरून पूर्वी भाविक भैरवास देह अर्पण करण्यासाठी उडी घेत. १८२४ च्या सुमारास ती प्रथा थांबली. २०२३ च्या सप्टेंबरपासून शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळाही या डोंगरावर उभा आहे.

पूर्वी आम्ही जात असू ते आगगाडीने. नेपानगरहून मोठ्या गाडीने खंडवा, तेथे सामान घेऊन छोट्या गाडीच्या फलाटावर धाव आणि मग मीटरगेजच्या त्या डब्यात बसून ओंकारेश्वर रोड, म्हणजे मोरटक्का. तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ देऊन बांधविलेला हा मार्ग. डब्यात ज्वारीच्या भाकरीचा आणि लसणाच्या चटणीचा वास दरवळत असे. आता ती गाडी राहिली नाही. महूकडून ओंकारेश्वर रोडपर्यंत येणारा शेवटचा तुकडाही २०२३ साली बंद झाला. तेव्हा आपली मोटार, आपला वेळ आणि आपणच चालक, असे सर्वानुमते ठरले.

सर्वानुमते म्हटले खरे, पण चालक कोण, येथे मत एक नव्हते.

आप्पा १९६८ साली जळगावहून येथे नोकरीस आले. आज ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मोटार चालविण्याचा त्यांचा परवाना चालू आहे. पंचावन्नीनंतर तो पाच पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो व त्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. ते सारे त्यांनी नियमाने केले आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, दुसऱ्याचा अजून पिकावयाचा आहे. दिवसा त्यांचा हात आजही आमच्यापेक्षा स्थिर आहे. परंतु गेल्या वर्षी बऱ्हाणपूरहून परतताना दिवेलागणीस समोरच्या ट्रकच्या झोतात त्यांना पुढली बैलगाडी दिसली नाही. ब्रेक वेळेवर लागला, कोणास काही झाले नाही, फक्त माईंच्या हातातील दोन बांगड्या फुटल्या. त्या प्रसंगाविषयी वर्षभर घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. बेताच्या तावावर आप्पांनी अगदी वर, आपल्या टपोऱ्या अक्षरांत "चालक : स्वतः" असे लिहिले, तेव्हा मात्र आम्ही सारे एकमेकांकडे पाहत राहिलो.

तो प्रश्न तूर्त बाजूस ठेवून आम्ही मार्गाकडे वळलो. आमच्यासारखे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो येथे जरा विस्ताराने देत आहोत.

नेपानगरहून रानातून निघून असीरगडच्या अंगाने खंडव्याचा हमरस्ता गाठावयाचा. असीरगड डावीकडे ठेवून पुढे जाताना मान वळतेच. अकबराने १६०१ साली घेतलेला हा दख्खनचा दरवाजा. मराठ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. पुणे १८१७ सालीच पडले होते, तरी शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने हा गड १८१९ च्या एप्रिलपर्यंत इंग्रजांस दिला नाही. वर चढावयास अर्धा दिवस हवा, म्हणून या खेपेस तो खालूनच पाहावयाचा. मग बोरगाव आणि खंडवा. खंडव्यास पेट्रोल, चहा आणि दादाजी धुनीवाल्यांच्या दरबारात पाच मिनिटे. किशोरकुमारांची समाधीही येथेच आहे. आमच्या पुतणीचा तेथे थांबण्याचा आग्रह होता आणि आप्पांनी तो, आश्चर्य म्हणजे, निमूटपणे मान्य केला.

खंडव्याहून छैगाव माखन, देशगाव, सनावद आणि मोरटक्का. तेथून उजवीकडे वळले की नर्मदेच्या काठाकाठाने ओंकारेश्वर. खंडव्यापासून हे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. एक गोष्ट निमाडात राहणाऱ्यांनाही पुष्कळदा ध्यानात नसते. दक्षिणेकडून जाणारास मोटारीने नर्मदा ओलांडावीच लागत नाही. मोरटक्क्याचा पूल आणि त्यापलीकडचा बडवाह हे इंदूरकडून येणाऱ्यांच्या वाटेत, आणि भेरूघाटाची अवघड वळणेही त्यांच्याच वाटेत. पावसाळ्यात नदी फुगली की पुलावरील रहदारी थांबवितात. आमचा मार्ग त्यातून सुटतो.

आणि ज्या बेटासाठी एवढी मोटार काढावयाची, त्या बेटावर यात्रेकरूची मोटार जात नाही! ती दक्षिण तीरावर, ममलेश्वराच्या बाजूस ठेवावयाची आणि पादचारी पुलाने किंवा नावेने पलीकडे जावयाचे. आमचे एक नातलग स्कॉटलंडात असतात. तेथील पश्चिम किनाऱ्यालगतच्या स्काय नावाच्या डोंगराळ बेटावर त्यांनी स्वतः मोटार हाकीत प्रवास केला. त्या बेटास १९९५ साली पूल झाला. आतील कित्येक रस्ते एकच मोटार जाईल एवढे अरुंद असून ठिकठिकाणी समोरच्यास वाट देण्यासाठी रुंद जागा ठेवल्या आहेत, असे त्यांनी कळविले होते. आप्पांनी ते पत्र पुन्हा वाचावयास मागितले आणि म्हणाले, "आपल्याकडे देवाने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय. पुढे पायी!"

काळ कोणता निवडावा यावर मात्र दुमत झाले नाही. श्रावणी सोमवार, कार्तिकी पौर्णिमा, महाशिवरात्र आणि अमावास्येची पर्वे मोटारवाल्याने कटाक्षाने टाळावीत. त्या दिवशी वाहने दूरवरच अडवितात आणि घाटावर पाऊल ठेवावयास जागा नसते. उन्हाळ्यात तो खडक तव्यासारखा तापतो. आम्ही मार्गशीर्षातील मधला वार धरला. मुक्काम शेगावच्या गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात करावा अशी माईंची इच्छा. ते ओंकारेश्वरी आहे आणि मराठी माणसास तेथे घरच्यासारखे वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेटाची परिक्रमा. ती सुमारे सात किलोमीटरांची आहे. बेट उजव्या हातास ठेवून मंदिरापासून पश्चिमेस संगमाकडे जावयाचे. तेथे ऋणमुक्तेश्वरास हरभऱ्याची डाळ वाहतात. मग चढ लागतो, तो गौरी सोमनाथापर्यंत. सिद्धनाथाच्या जोत्यावर कोरलेले हत्ती पाहण्यास निदान अर्धा तास ठेवावा. घाईने "झाले दर्शन" म्हणणारांचे आम्हांस नवल वाटते. माईंचे गुडघे चढास तयार नाहीत, म्हणून त्यांनी नावेने संगमापर्यंत यावे आणि डाळ वाहून परतावे असे ठरले. परतल्यावर ममलेश्वर. त्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेली संस्कृत स्तोत्रे १०६३ सालची आहेत. नऊशे साठ वर्षांपूर्वीची ती अक्षरे वाचता आली नाहीत तरी बोट न लावता पाहता येतात.

स्नानाविषयी एक सूचना. वर इंदिरासागर व ओंकारेश्वर अशी दोन धरणे आहेत आणि पाणी सोडले की पातळी चढते. २००५ च्या एप्रिलमध्ये धाराजी येथे अमावास्येच्या स्नानास जमलेले अनेक यात्रेकरू अशाच अकस्मात आलेल्या पाण्यात वाहून गेले. तेव्हा बांधलेल्या घाटावर, साखळी धरून, दोन पायऱ्या उतरावयाचे आणि भोंगा वाजला की वर यावयाचे. कोरडा दिसणारा खडक मधोमध बसावयास कितीही मोहक वाटला तरी तेथे मुलांना जाऊ देऊ नये.

तिसऱ्या दिवसावर खरा वाद झाला. परतताना सनावदहून बेडियामार्गे रावेरखेडीस वळावे, असा आप्पांचा हट्ट. थोरल्या बाजीरावांनी २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी तेथेच देह ठेवला. वय चाळिशीच्याही आत. शिंद्यांनी बांधविलेली समाधी तेथे आहे. वाकडी वाट केल्यास पन्नासएक किलोमीटर वाढतात. एरवी जाणे-येणे मिळून पावणेतीनशे-तीनशेच्या घरात जाणारा प्रवास साडेतीनशेवर जातो आणि परतताना असीरगडाशी अंधार गाठतो. "अंधार" हा शब्द कोणीतरी उच्चारला आणि बाजूस ठेवलेला प्रश्न पुन्हा टेबलावर आला.

आमची पुतणी इंदुरास नोकरी करते. महिन्यातून एकदा ती एकटी मोटार घेऊन भेरूघाट उतरून आम्हांकडे येते. तिने चालवावी हे उघड होते, पण आप्पांना ते सांगावे कोणी? आम्ही मुलगे असूनही धजलो नाही. ज्यांनी आम्हांस कारखान्याच्या मैदानावर मोटार शिकविली, पहिल्या गियरमध्ये गाडी बंद पडली की डोक्यावर टपली मारली, त्यांच्या हातून ती काढून घ्यावयाची? माई मात्र म्हणाल्या, "रावेरखेडी गाळू नका. त्यांना आयुष्यात एकदा जायचंय तिथं. गाडीचं काय ते मी बघते." पण त्याही काही बोलल्या नाहीत.

शेवटी पुतणीनेच युक्ती केली. लांबच्या प्रवासापूर्वी गाडी एकदा पारखून घ्यावी म्हणून एका रविवारी दुपारी ती आप्पांना घेऊन असीरगडच्या पायथ्यापर्यंत निघाली. आम्ही मागे बसलो. टायरमधील हवा, स्टेपनी, पाण्याची टाकी, विम्याचे व प्रदूषणाचे कागद, सारे आप्पांनी स्वतः तपासले. जाताना तेच चालवीत होते, आणि सांगावयास हवे की फार सुरेख चालवीत होते. वळणापूर्वी वेग उतरविणे, शेळ्यांच्या कळपापाशी भोंगा न वाजविता थांबणे, हे आम्हांपैकी कोणास साधत नाही. पायथ्याशी चहा झाला. आप्पा गडाकडे पाहत बराच वेळ बसून राहिले. निघावयास उशीर झाला.

रान लागले तेव्हा सूर्य गेला होता. समोरून दिवे येऊ लागले. पहिल्या ट्रकला आप्पांनी वेग कमी केला, दुसऱ्यास जवळजवळ थांबलेच. कोणी काही बोलले नाही. पुढे एका नाल्याच्या पुलाअलीकडे त्यांनी मोटार कडेस घेतली, इंजिन बंद केले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मग किल्ली काढून हातात घेऊन खाली उतरले.

"घे गं," ते पुतणीला म्हणाले, "मला आता सगळ्या दिव्यांच्या फुल्या दिसतात."

"आप्पाआजोबा, आता थोडंच राहिलंय, मी हळू नेते."

"हळू नको. नीट ने."

ते डावीकडच्या आसनावर बसले. घरापर्यंत पुढला प्रत्येक खड्डा तो येण्याआधी सांगत होते, कारण हा रस्ता त्यांना न पाहताही पाठ आहे. पुतणीने एकदाही "माहीत आहे" म्हटले नाही. घरी आल्यावर माईंनी काही विचारले नाही आणि त्यांनी सांगितलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताव टेबलावर होता. निघण्याची वेळ पहाटे पाचची होती, ती खोडून सकाळी सात केली होती. रावेरखेडी तशीच होती, तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या. आणि वरच्या ओळीतील "स्वतः" या शब्दापुढे निळ्या शाईने भर घातली होती : "नेपानगर ते खंडवा. पुढे व परतीस चिरंजीव पुतणी. रस्ता सांगणे : मी."