सर्पओळख : रंग व नक्षी यांच्या मर्यादा

प्रस्तावना

जव्हारजवळील शिरपामाळ हे ठिकाण, १६६४ च्या सुरत मोहिमेच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराजांचे जव्हारच्या राजांनी येथे स्वागत केले, या परंपरेमुळे सर्वपरिचित आहे. या माळावर किंवा भोवतालच्या भातखाचरांत साप दिसला की तो विषारी की बिनविषारी, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर बहुधा रंगावरून दिले जाते. हे उत्तर कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंगामागील आनुवंशिकता

रंगभेदांचा सर्वाधिक परिचित नमुना म्हणजे अमेरिकेतील बिनविषारी 'कॉर्न स्नेक'. पाळीव सापांच्या पैदाशीतून त्याचे अनेक रंगप्रकार निर्माण झाले आहेत. मूळ साप नारिंगी-तपकिरी असून त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके असतात. काळे रंगद्रव्य (मेलॅनिन) नसल्यास तो नारिंगी व लाल डोळ्यांचा दिसतो. तांबडे द्रव्य नसल्यास करडा-काळा दिसतो. हे दोन्ही गुण अप्रभावी जनुकांचे आहेत. अशा दोन शुद्ध प्रकारांच्या संकरातून पहिली पिढी मूळ रंगाची निपजते. दुसऱ्या पिढीत मात्र सरासरी १६ पैकी ९ पिल्ले मूळ रंगाची, ३ नारिंगी, ३ करडी व १ पांढरट-गुलाबी असते.

येथे एक बाब महत्त्वाची आहे. 'अनेरी' व 'चारकोल' हे दोन्ही प्रकार करडेच दिसतात. परंतु त्यांची जनुके भिन्न असल्याने त्यांच्या संकरातून मूळ रंगाची पिल्ले होतात. म्हणजेच बाह्य रंग समान असूनही वंश भिन्न असू शकतो.

मण्यार व कवड्या

निसर्गात हाच प्रश्न जीविताचा ठरतो. अतिविषारी मण्यार व बिनविषारी कवड्या हे दोन्ही साप गडद रंगाचे, पांढरट पट्ट्यांचे व निशाचर आहेत. सामान्यतः प्रौढ मण्यारीचे पट्टे जोडीने असून मानेकडे अस्पष्ट होतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट असतात. तथापि पट्टे जवळजवळ नसलेली मण्यारही आढळते आणि पिल्लांची नक्षी प्रौढांहून वेगळी असते. म्हणून खवल्यांची रचना अधिक विश्वसनीय ठरते. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले इतरांपेक्षा मोठे व षट्कोनी असतात, तर शेपटीखालील खवले अखंड असतात. कवड्याच्या पाठीवर असे मोठे खवले नसतात व शेपटीखालील खवले दुभंगलेले असतात.

अर्थात ही तपासणी मृत नमुन्यावर किंवा छायाचित्रावरच करावी. जिवंत साप हाताळू नये. भारतीय साप पकडणे व पाळणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये प्रतिबंध आहे.

निष्कर्ष

मण्यारीचा दंश अनेकदा जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस रात्री होतो. वेदना अत्यल्प असतात व खूणही क्वचितच दिसते. पुढे पापण्या जड होतात व श्वसन बंद पडू शकते. 'पट्टे वेगळे होते, कवड्याच असेल' या समजुतीने गेलेला वेळ प्राणघातक ठरतो. भारतातील बहुसंयुजी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. त्यामुळे उपचारासाठी साप शोधण्याची वा मारून नेण्याची आवश्यकता नाही. जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये, अवयव स्थिर ठेवून रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. रंगावरून अंदाज बांधता येतो, निर्णय घेता येत नाही, ही जाणीव विद्यार्थ्यांत रुजविणे हे प्राध्यापकांचे कर्तव्य आहे.