किल्ल्यावर उस्ताद, गावात मागणारे

शरद पौर्णिमेच्या सुमारास जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो. 2007 साली तो सुरू झाला. परदेशांतून कलाकार येतात, रसिक येतात, पण महोत्सवाचा कणा राजस्थानचे स्थानिक लोककलावंतच आहेत. पहाटे जसवंत थड्याच्या संगमरवरी इमारतीजवळ बैठक असते, रात्री किल्ल्याच्या चौकात. डोक्यावर रंगीत साफा, मांडीशी वाद्य आणि वाळवंट ओलांडून जाईल असा खुला आवाज! या कलावंतांपैकी कितीतरी जण मुसलमान आहेत. कोणी मांगणियार, कोणी लंगा. टाळ्या थांबल्या, दिवे विझले, की हे उस्ताद आपापल्या गावी परततात. तिथे त्यांची काय ओळख आहे, हे आमच्या वाचकांना ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

मांगणियारांची वस्ती मुख्यतः बाडमेर आणि जैसलमेर या सरहद्दीवरच्या जिल्ह्यांत. त्यांचे भाईबंद पलीकडे सिंधमध्येही आहेत. कमायचा हे त्यांचे खास वाद्य. एकाच लाकडातून कोरलेले गोल पोट, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, आतड्याच्या तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. आवाज खर्जातला, घुमणारा. सोबतीला ढोलक आणि खडताल. खडताल म्हणजे लाकडाच्या साध्या पट्ट्या, प्रत्येक हातात दोन. पण तयार हातात त्या अशा बोलतात की पाहणाऱ्याची नजर बोटांवरून हलत नाही. लंगांची ओळख सिंधी सारंगीने होते. त्यांच्यातील एक शाखा सुरणाई, मुरली, सतारा अशी फुंकीची वाद्ये वाजवते.

या बिरादरीत तालीम घरातच होते. पोर वडिलांच्या, चुलत्याच्या मांडीवर बसून सूर ऐकते आणि बोलायला लागते तसे गायलाही लागते. कागदावर काही नसते. शेकडो गाणी आणि यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी तोंडपाठ असतात.

हे यजमान म्हणजे त्यांचे आश्रयदाते. लंगांचे यजमान प्रामुख्याने सिंधी सिपाही मुसलमान, तर मांगणियारांचे बहुतांशी हिंदू राजपूत. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा रिवाज समजायला जड जाणार नाही. आपल्याकडची बलुतेदारी तीच. गावगाड्यात मुलाणी होता, तसा त्या मुलखात मांगणियार. यजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न निघाले, की त्याने जाऊन गायचे, पूर्वजांची नावे घेऊन घराण्याचा गौरव करायचा. त्याबद्दल धान्य, कपडे, जनावर किंवा रोख रक्कम मिळते. बापाचे यजमान मुलांत वाटले जातात, जशी आपल्याकडे जमीन वाटली जाते. ईदची नमाज पढणारा हा माणूस यजमानाच्या घरी बाळ जन्मले की कृष्णाची गाणी गातो, आणि त्यात त्याला किंवा यजमानाला काही वावगे वाटत नाही. हे नाते एकतर्फीही नव्हते. यजमानाने अपमान केला तर कलावंत त्याच्या दारी जाणे सोडू शकत असे आणि मग बिरादरीतला दुसरा कोणीही त्या दाराची पायरी चढत नसे.

तरीही एक गोष्ट मनात सलते. मांगणियार म्हणजे मागणारा. सगळी कला, सगळी स्मरणशक्ती या एका शब्दाखाली झाकली गेली. म्हणून त्यांच्यातले अनेक जण स्वतःला मिरासी म्हणवतात. मिरास म्हणजे वारसा. मराठीत मिरासदार हा केवढा मानाचा शब्द! एकाच माणसाला एका नावाने वारसदार म्हणता येते आणि दुसऱ्या नावाने याचक. कोणते नाव उच्चारायचे, हे आजवर त्याच्या हातात नव्हते.

ते हळूहळू त्याच्या हाती येऊ लागले, याचे बरेच श्रेय मंचाला आहे. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी 1960 साली बोरुंदा गावात रूपायन संस्थान काढले. कोठारींनी या कलावंतांच्या घरी जाऊन गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांना यजमानाच्या अंगणातून शहरांच्या आणि परदेशांच्या मंचावर नेले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खान यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. 2020 साली अन्वर खान यांना आणि 2021 साली सिंधी सारंगी वाजवणाऱ्या लाखा खान यांना तोच सन्मान लाभला. अन्वर खान आपल्या नावापुढे मांगणियार हा शब्द अभिमानाने लावतात. जे नाव हिणवण्यासाठी होते तेच त्यांनी बिरुद केले. आम्हाला ही गोष्ट पुरस्काराहून मोठी वाटते.

परंतु मंचावरची इज्जत गावात पोचतेच असे नाही. 2017 च्या नवरात्रात जैसलमेर जिल्ह्यातील दांतल गावी एका मांगणियार गायकाचा जीव गेला. देवीच्या जागरणात त्याचे गाणे नीट झाले नाही, म्हणून अंगात देवी आली नाही, या रागातून भोप्याने त्याला मारहाण केली, असा आरोप होता. घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिल्यावर गावातले वातावरण बिघडले आणि तिथल्या मांगणियार कुटुंबांनी भीतीपोटी गाव सोडले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरची नावे मुखोद्गत होती, त्यांच्यात राहणे अशक्य झाले. हा प्रश्न हिंदू-मुसलमानाचा म्हणून पाहिला तर तो अर्धाच दिसेल. मागणाऱ्याने वर मान करून न्याय मागावा, हेच गावाला सहन होत नाही, हे त्याचे मूळ आहे.

आणि आपण मुसलमान तरी यातून मोकळे आहोत काय? संगीताविषयी उलमांमधील मतभेद जुने आहेत. तो वाद सोडवण्याची आमची पात्रता नाही. पण नमाजाच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा माणूस मशिदीबाहेर आला की त्याचे कसब पाहून त्याला हलका ठरवायचे, सोयरीक निघाली की ‘अहो, ते मिरासी’ म्हणून विषय बंद करायचा, याला कोणत्या दीनचा आधार आहे? मराठी मुलखातही पेशवाईत सगनभाऊंच्या लावण्यांनी फड जिंकले. बार्शीच्या अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटवल्या. आपल्या किती घरांत मुलांना ही नावे सांगितली जातात?

या बिरादरीतील स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. यजमानाच्या घरी जन्माची, लग्नाची गाणी त्याही गातात, पण मंच पुरुषांचा. पोलिओने पाय अधू झालेल्या रुकमाबाईंनी बिरादरीची नाराजी पत्करून मंचावर पाऊल ठेवले आणि मांगणियार स्त्रीचा आवाज जगाला ऐकवला. 2011 साली त्यांचे निधन झाले. त्यांनी मोकळी केलेली वाट आजही अरुंदच आहे.

पोटाचा प्रश्न तर आहेच. यजमानांची नवी पिढी शहरात गेली, तिच्या लग्नात आता डीजे वाजतो. कमायचा करणारे हात थोडे उरले. हार्मोनियम शिकायला सोपी, म्हणून मुले तिकडे वळली. ‘निंबुडा’ हे राजस्थानी लोकगीत 1999 च्या ‘हम दिल दे चुके सनम’ या चित्रपटातून घरोघर पोचले, पण लोकगीताला कवी नसतो, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्यांना कायद्याने मालकीहक्क मिळत नाही. 2020 च्या टाळेबंदीत लग्ने, पर्यटन आणि महोत्सव एकदम थांबले, तेव्हा हातावर पोट असलेल्या कलावंतांना कोणताच आधार उरला नाही. पाच दिवसांचा महोत्सव वर्षाचे बाकी दिवस पोसू शकत नाही.

मग आपल्यासारख्या दूरच्या माणसांनी काय करावे? आपल्या शाळेत, महाविद्यालयात, उरुसात किंवा लग्नात लोककलावंत येतात. गोंधळी असो, शाहीर असो, कव्वाल असो, काही गोष्टी आपल्या हातात आहेत. मानधन आधी ठरवावे आणि कार्यक्रम संपताच पूर्ण द्यावे. पत्रिकेवर नुसते ‘लोककलाकार’ न छापता प्रत्येकाचे नाव छापावे, ढोलकवाल्याचेसुद्धा. मोबाईलवर चित्रण करण्यापूर्वी विचारावे. जेवायला पाहुण्यांच्याच पंगतीत बसवावे. आणि घरातल्या मुलांना त्यांच्याजवळ नेऊन म्हणावे, ‘बेटा, उस्तादांना सलाम कर.’ मेहरानगडच्या मंचावर जी इज्जत दिव्यांच्या झगमगाटात मिळते, ती आपल्या अंगणात द्यायला काहीच खर्च येत नाही.